गाठ नसलेल्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल बचत गटात, हळदीकुंकवात कसं बोलायचं: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

ऑक्टोबरमध्ये गुलाबी फितीचे कार्यक्रम होतात, जानेवारीत हळदीकुंकवाला कुणीतरी डॉक्टर मॅडम बोलावल्या जातात, आणि दोन्हीकडून बायका एकच वाक्य घेऊन घरी जातात, छातीत गाठ लागली की दाखवायचं. वाक्य खरं आहे पण अर्धं आहे. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर नावाचा जो प्रकार आहे त्यात बऱ्याचदा हाताला गाठ लागतच नाही, स्तन सुजतो, तांबूस होतो, गरम लागतो, कातडी जाड होते, आणि हे सगळं काही आठवड्यांत होतं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना झाला तेव्हा त्या अकरा आठवडे हळदीचा लेप लावत राहिल्या, मध्ये दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, आणि मी विचारलं तर म्हणायच्या, अगं गाठ कुठाय, गाठ असती तर गेले असते की. गाठीचं पोस्टर मीच आमच्या गटात लावलं होतं.

त्यानंतर गेली काही वर्षं मी ही बैठक वेगळ्या पद्धतीने घेते. बऱ्याच जणी विचारतात कशी घेता, आणि मग घेताना त्याच त्याच चुका करतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, विशेषतः पहिली पायरी.

आधी स्वतःला नीट समजून घ्या

बोलणाऱ्या बाईला एवढं पाठ पाहिजे. हा प्रकार दुर्मिळ आहे, स्तनाच्या १०० कॅन्सरमध्ये १ ते ५ असा. पण तो वेगाने वाढतो, आणि ज्या दिवशी निदान होतं त्या दिवशी तो किमान तिसऱ्या टप्प्यात असतोच, कारण तो कातडीपर्यंत पोचलेला असतो. बऱ्याच जणींमध्ये तोवर दुसऱ्या अवयवातही गेलेला असतो. लाली-सूज का येते तर कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या बारीक लसवाहिन्यांमध्ये अडकतात. मी सांगते, नाली तुंबली की पाणी अंगणात साचतं ना, तसं. हे एका वाक्यात सगळ्यांना कळतं, लसवाहिनी म्हणजे काय हे वेगळं शिकवत बसावं लागत नाही.

आणि स्तन सुजला म्हणजे कॅन्सरच असं अजिबात नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साचून, जंतुसंसर्ग होऊन अशी सूज येते आणि ती औषधाने उतरते. आपल्याकडे स्तनाचा टीबीही असतो, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा एक आजार आहे तोही असाच दिसतो. फरक डोळ्यांनी कळत नाही, तपासणीने कळतो. तुमची बैठक लक्षणं ओळखून बायकांना वेळेत तपासणीपर्यंत पोचवण्यासाठी आहे, निदान करण्यासाठी नाही.

पायरी १: तारीख ठरवायच्या आधी पुढचा रस्ता पक्का करा

सगळ्यात जास्त चूक इथे होते. आधी हॉल ठरतो, मग पाहुण्या, मग नाश्ता, आणि बैठक संपल्यावर एखादी बाई हळूच येऊन म्हणते ताई मला तसंच आहे, तर कुणालाच माहीत नसतं तिला कुठे पाठवायचं. मग तिला सांगितलं जातं "चांगल्या डॉक्टरला दाखवा". हे सांगण्याने काही होत नाही, ती घरी जाते आणि गप्प बसते.

म्हणून बैठकीच्या दोन आठवडे आधी एक दिवस काढा आणि स्वतः जाऊन या. उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचं सिव्हिल. प्रत्येक ठिकाणी हेच विचारा: सर्जनची ओपीडी कोणत्या वारी असते, लेडी डॉक्टर कधी असतात, स्तनाची सोनोग्राफी इथे होते का, मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं, मशीन कुठे आहे आणि चालू आहे का, बायोप्सी, म्हणजे तपासायला बारीक तुकडा, कोण घेतं, रिपोर्टला किती दिवस लागतात. उत्तरं वहीत लिहा, सोबत वार आणि वेळ लिहा. "मशीन आहे" आणि "मशीन चालू आहे" ही दोन वेगळी उत्तरं आहेत, दोन्ही विचारायची.

पैशांचंही आधीच विचारा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, हेल्पलाइन १५५३८८ आहे, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो त्याला भेटून या. भरती व्हायच्या आधीच्या तपासण्यांना पदरचे पैसे लागू शकतात, तेही विचारून ठेवा म्हणजे ऐनवेळी बाई मागे फिरत नाही.

मोठ्या उपचारासाठी कुठे, हेही वहीत पाहिजे. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल सगळ्यांना माहीत असतं पण नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ असूनही आठवत नाही. गोव्यात असाल तर बांबोळीचं मेडिकल कॉलेज.

तपासून घ्या: तुमच्या वहीत एका माणसाचं नाव, फोन नंबर आणि वार लिहिलेला आहे का? नसेल तर तारीख जाहीर करू नका.

पायरी २: कोण बोलणार, कोण ऐकणार

मोठ्या डॉक्टरांचं भाषण ठेवलं की बायका मान डोलावतात आणि प्रश्न विचारत नाहीत. गावातली आशाताई, एएनएम (उपकेंद्राच्या नर्सताई) किंवा सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम बोलल्या तर दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यात भेटतात, विचारता येतं. साध्या शिकलेल्या बायकांना हे जमेल का अशी शंका येते कुणाकुणाला. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला, दीड लाखावर बायका, प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायचे, आणि वीस वर्षांनी पाहिलं तर ५० च्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. तर जमतं, फक्त प्रशिक्षण पाहिजे. तुम्ही स्वतः बोलणार असाल तर आधी एएनएम ताईंसमोर एकदा बोलून दाखवा, चुकलेलं त्या सुधारतील.

ऐकणाऱ्या पंधरा ते वीस, जास्त नको. पन्नास बायका आल्या तर कार्यक्रम होतो, बोलणं होत नाही. पुरुष एकही नको, माइकवालासुद्धा नको, फोटो काढायला सरपंचांचा मुलगा तर मुळीच नको. दार लोटता येईल अशी खोली, दुपारी दोन ते तीन, स्वयंपाक उरकलेला आणि मुलं शाळेतून यायची असतात ती वेळ. सासवांना आवर्जून बोलवा. सुनेला दवाखान्यात जायला पैसे आणि वेळ कोण देणार हे बऱ्याच घरात सासूच ठरवते.

पायरी ३: सामान

एक संत्रं आणि एक टोमॅटो. जुना ब्लाउज. प्रत्येकीसाठी हाताच्या पंज्याएवढं एक कार्ड. बस.

पोस्टर, प्रोजेक्टर, जखमा झालेल्या स्तनांचे फोटो यातलं काही आणू नका. भयानक फोटो दाखवला की बायका डोळे मिटतात आणि मनात ठरवतात, माझं काय इतकं वाईट नाहीये. अजून एक अडचण आहे फोटोंची, इंटरनेटवरचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे असतात, लालभडक. आपल्या सावळ्या अंगावर ते लाल दिसत नाही, तांबूस, जांभळट, काळपट, मुका मार लागल्यासारखं दिसतं. जाऊबाईंचं तसंच होतं, बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली तर काहीच कळायचं नाही. म्हणून "लाल" हा एकच शब्द वापरू नका, "रंग बदलला" म्हणा, आणि बघायचं ते दिवसा, खिडकीच्या उजेडात.

कार्डावर काय छापायचं ते पायरी ५ मध्ये लिहिलंय.

पायरी ४: बोलायचा क्रम

कॅन्सर या शब्दाने सुरुवात करू नका. ब्लाउजने करा.

जुना ब्लाउज हातात धरायचा आणि विचारायचं, एकाच बाजूने ब्लाउज अचानक घट्ट झालाय असं कधी झालं का, हुक लावताना एकाच बाजूला ओढ बसते, काढल्यावर शिवणीचे वळ तसेच उमटून राहतात? हे प्रत्येकीला समजतं, कारण ब्लाउज रोज घालायचा असतो आणि आरशात निरखून बघायची सवय बहुतेकींना नसते. इथून गाडी पुढे नेता येते.

मग टोमॅटो आणि संत्रं. दोन्ही पहिल्या ओळीत द्यायचं आणि हातोहात फिरवायचं. सांगायचं, नेहमीची कातडी या टोमॅटोसारखी, आणि सूज साचली की संत्र्याच्या सालीसारखी, बारीक बारीक खळगे पडलेली, जाड. संत्रं दुसऱ्या ओळीत पोचेपर्यंत खोलीतली कुजबुज थांबलेली असते, बायका अंगठा सालीवरून फिरवत बसतात, एखादी ते उजेडाकडे तिरकं धरून बघते. घाई करू नका, संत्रं परत तुमच्या हातात येईपर्यंत गप्प राहा. नंतर कुणी बाकी सगळं विसरली तरी संत्रं लक्षात राहतं.

आता बाकीच्या खुणा सांगा, सावकाश: एका बाजूचा स्तन थोड्या दिवसांत मोठा किंवा जड झाला, हाताच्या पाठीने दोन्हीकडे स्पर्श केला तर एक बाजू गरम लागते, खाज किंवा ठणका, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा चपटं झालं, काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ गाठी. सगळ्या खुणा एकदम येत नाहीत, दोनतीन असल्या तरी दाखवायचं.

इथे हमखास एक जण म्हणते, दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही, कॅन्सर दुखत नाही. हे आपणच शिकवलेलं आहे, वर्षानुवर्षं, "न दुखणारी गाठ" म्हणून. या प्रकारात दुखू शकतं, जळजळतं, खाजतं. स्पष्ट सांगा, दुखण्यावरून काही ठरवू नका.

थांबा: "छाती" शब्द वापरताना सांभाळा. "छातीत दुखतंय" म्हटलं की डॉक्टर ईसीजी काढतात, खरंच झालंय असं. बैठकीत एकदा तरी "स्तन" हा शब्द मोठ्याने उच्चारा आणि बायकांनाही म्हणायला लावा. पहिल्यांदा हसतात, दुसऱ्यांदा म्हणतात.

यानंतरच आजाराचं नाव सांगायचं. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर. कार्डावर मोठ्या अक्षरात असू दे, कारण दवाखान्यात हे नाव तिच्या तोंडून आलं तर समोरचा माणूस थबकतो. आणि लगेच जोडून सांगा, गाठ असली तरी दाखवायचं, गाठ नसली तरी दाखवायचं. गाठीचं महत्त्व कमी करून ठेवू नका, स्तनाचे बहुतेक कॅन्सर गाठीनेच सापडतात.

पायरी ५: दिवस मोजायला शिकवा

लक्षणं सांगून बैठक संपवणं ही दुसरी मोठी चूक. "लवकर दाखवा" यातलं लवकर म्हणजे किती? लग्न झाल्यावर, कांदा निघाल्यावर, परीक्षा झाल्यावर, सगळं लवकरच असतं. म्हणून आकडा द्या.

अंगावर पाजत नसलेल्या बाईला एका स्तनावर सूज आणि रंगात बदल दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर. पाजत असलेली असेल, ताप असेल, तरी त्याच दिवशी-दुसऱ्या दिवशी डॉक्टर, आणि पाजणं स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ते पूर्ण घ्यायचं, पण आठवडाभरात फरक पडला नाही तर परत जायचं आणि पुढची तपासणी मागायची. दुसरा, तिसरा कोर्स घेत बसायचं नाही.

कार्डावर एका बाजूला चार रकाने: कधी दिसलं, डॉक्टरला कधी दाखवलं, औषध कधी सुरू झालं, आठवडा कधी संपतो. दुसऱ्या बाजूला एक वाक्य, आणि हे वाक्य बायकांना दोनदा मोठ्याने वाचायला लावा:

"डॉक्टर, मला इतक्या दिवसांपासून एकाच स्तनावर सूज आहे, औषधाने उतरली नाही, इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर तर नाही ना हे बघायचंय, सोनोग्राफी आणि बायोप्सी लागेल का?"

डॉक्टरांना असं कसं विचारायचं, राग येईल, असं बायका म्हणतात. येत नाही. वाक्य प्रश्नाचं आहे, हुकमाचं नाही, आणि सामान्य डॉक्टरच्या पाहण्यात हा आजार आयुष्यात एखाद्या वेळी येतो, तेव्हा आठवण करून दिलेली बरीच असते.

तपासून घ्या: एखादीला उभं करून विचारा, "आज सोमवार, परवा अँटिबायोटिक संपलं, सूज तशीच आहे, तू काय करशील?" तिने वार आणि ठिकाण सांगितलं तर बैठक पोचली. "बघू" म्हणाली तर पायरी ५ पुन्हा घ्या.

पायरी ६: प्रश्न, आणि त्यांची सरळ उत्तरं

"बायोप्सीने कॅन्सर पसरतो." नाही. बायोप्सीशिवाय नक्की निदान होत नाही आणि निदानाशिवाय उपचार सुरू होत नाही, या भीतीपायी जे आठवडे जातात त्यातच तो पसरतो.

"मुलाचं डोकं आपटलं होतं, कोपर लागलं होतं म्हणून झालं." मार लागल्याने कॅन्सर होत नाही. मार लागला म्हणून सुजलंय असं समजून बायका थांबतात, हा तोटा.

"माझी मॅमोग्राफी झालीये, नॉर्मल होती." झाली असेल, पण या प्रकारात सूज आणि दाट झालेल्या स्तनात मॅमोग्राफीला नेहमी गाठ दिसते असं नाही, आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही हा सुरू होऊन वाढू शकतो. आयुष्मान आरोग्य मंदिरात (आधीचं आरोग्यवर्धिनी केंद्र) ३० च्या पुढच्या बायकांची स्तनतपासणी होते ती जरूर करून घ्या, पण ती झाली म्हणून पुढची पाच वर्षं निश्चिंत, असं नाही.

"पुरुषांना होतो का?" क्वचित होतो. घरी सांगा.

लेप, शेक, कोबीची पानं, मालिश याबद्दल भांडू नका. म्हणा, लेप लावायचा तर लावा, पण कार्डावर तारीख लिहा आणि आठवडा मोजा. मालिश मात्र करू नका सांगा, सुजलेल्या जागी चोळल्याने त्रासच होतो.

पायरी ७: शेवटची पंधरा मिनिटं

ही पंधरा मिनिटं कापू नका, चहा आणि आभारप्रदर्शन कापा. चहा वाटायला लागला की आशाताईंना आतल्या खोलीत किंवा आडोशाला बसवा आणि सांगा, कुणाला एकटीने बोलायचं असेल तर ताई आत आहेत. "कुणाला त्रास आहे का, हात वर करा" असं कधीही विचारू नका. हळदीकुंकू असेल तर वाणासोबत कार्ड द्या, म्हणजे कार्ड प्रत्येकीच्या हातात असतं आणि कुणी वेगळं घेतलं असं दिसत नाही.

थांबा: कुणी मोबाइलवर स्वतःचा फोटो दाखवला तर बघून परत द्या, स्वतःकडे मागवू नका, ग्रुपवर तर नाहीच. डॉक्टरला दाखवायला तिने तारखेसह फोटो आपल्याच फोनमध्ये ठेवला तर मात्र उपयोग होतो, सूज किती वेगाने वाढली ते दिसतं.

पायरी ८: एखादीला खरंच लक्षणं असतील तर

तिच्यासोबत जा. नुसता पत्ता देऊन पाठवलेल्या बऱ्याच बाया अर्ध्या वाटेतून परत येतात. आधार, रेशनकार्ड, आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि चिठ्ठ्या सगळं एका पिशवीत.

तिथे स्तनाच्या आतल्या भागाची सुईने बायोप्सी होते आणि बऱ्याचदा कातडीचा छोटा तुकडाही घेतात. कातडीच्या तुकड्यात काही आलं नाही तरी कॅन्सर नाही असं ठरत नाही, सूज तशीच असेल तर डॉक्टरांना विचारायचं, पुन्हा बायोप्सी लागेल का. टीबी असेल असं वाटतंय म्हणून बायोप्सी न करता टीबीची औषधं सुरू केली तर महिने जातात, तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा. रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का ते यातून कळतं) आणि हर-टू (पेशींवर त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का ते) या तिन्ही तपासण्या झाल्यात का बघा, औषध त्यावर ठरतं, आणि या आजारात हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असण्याचं प्रमाण इतर प्रकारांपेक्षा जास्त असतं. लॅबमधून बायोप्सीचे ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) आणि स्लाइड (काचेवरचे काप) मागून घ्या, मोठ्या रुग्णालयात ते मागतात आणि नसले तर फेरी वाया जाते.

आता सगळ्यात जड चूक. निदान कळलं की नातेवाईक म्हणतात, आधी काढून टाका. या आजारात आधी केमोथेरपी, मग स्तन आणि काखेतल्या गाठी काढायचं ऑपरेशन, मग रेडिएशन, असा क्रम असतो, आणि रिपोर्टप्रमाणे हर-टूची किंवा हार्मोनची औषधं. आधी ऑपरेशन केलं तर कातडीत पसरलेल्या पेशी मागे राहू शकतात. कुणी थेट ऑपरेशनची तारीख दिली तर सही करण्याआधी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्या, तिथले सर्जन आणि केमोचे डॉक्टर दोघेही बघू देत. दुसऱ्या मताला आठवडा लागतो, महिना लावू नका. जाऊबाईंना इतक्या उशिरा नेऊनही केमोने सूज उतरली होती, त्या ऑपरेशनपर्यंत पोचल्या होत्या आणि आम्हाला त्यांच्यासोबत अजून तीन वर्षं मिळाली. ते अकरा आठवडे हातात असते तर, हे मी अजून मोजते.

पायरी ९: वही

बैठकीनंतर सातव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी फोन. ज्या आत जाऊन बोलल्या त्यांनाच, आणि तो फोन आशाताईंनीच करायचा. वहीत पूर्ण नाव लिहू नका, तुम्हाला कळेल अशी खूण लिहा, वही गटाच्या कपाटात ठेवू नका, घरी ठेवा. तीन महिन्यांनी गटाच्या नेहमीच्या बैठकीत, हप्त्यांचा हिशोब झाल्यावर, पुन्हा एक संत्रं फिरवा, पाच मिनिटं पुरतात.

फोन उचलला नाही तर घरी जा. दारात उभं राहून विषय काढू नका, आधी पाणी मागा, बसा, आणि ती एकटी असेल तेव्हाच विचारा की सिव्हिलला गुरुवारी मी येऊ का सोबत.